सतनाम आणि नावाचा प्रश्न

1758 मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास कारभार पाहू लागले, तेव्हा गिरौदपुरीच्या एका अस्पृश्य कुटुंबात जन्मलेले घासीदास, परंपरेप्रमाणे, दोन वर्षांचे होते. बिंबाजींनी रतनपूरच्या टेकडीवर राममंदिर उभारले. अशा मंदिरांची पायरी ज्यांना वर्ज्य होती त्यांच्यातल्याच या शेतमजुराने पुढे मूर्तीची आणि पुरोहिताची गरजच नाकारली. मराठी वाचकास भोसल्यांचे छत्तीसगड ठाऊक असते ते स्वारी आणि वसुली यांच्या संदर्भात. त्याच मुलखात घडलेली ही घटना मात्र त्याच्या नजरेआड राहिली आहे.

1818 नंतर इंग्रज अधीक्षक ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रायपुरास हलविले. त्याच सुमारास, 1820च्या आसपास, घासीदासांचा सतनामपंथ आकारास आला. मांस, मद्य आणि तंबाखू वर्ज्य. रक्ताच्या रंगाची आठवण देणारी मसूर व लाल मिरचीही वर्ज्य. गाय नांगराला जुंपू नये, दुपारनंतर नांगर धरू नये. हे नियम केवळ सोवळ्याचे नव्हेत. मृत जनावराच्या कातड्याशी ज्यांचे जिणे जखडले गेले होते, त्यांनी ती साखळी स्वतःच्या हातांनी तोडण्याचा केलेला तो प्रयत्न होता. जातीच्या जागी त्यांनी ‘सतनामी’ हे नाव घेतले. सरकारी दप्तर आणि शेजारचे गाव मात्र त्यांना ‘चमार’च म्हणत राहिले.

चामड्याचा हा कलंक भारतापुरता नाही. सोमालियातही चर्मकाम व शिकार करणाऱ्यांशी इतर कुळे सोयरीक करीत नाहीत, वास्तविक भाषा एक आणि धर्मही एकच. ‘मिडगान’ हे नाव त्यांना झोंबते, ‘गबोये’ चालते.

छत्तीसगडात हा झगडा 1920 नंतर उघडपणे सुरू झाला. राजिमचे कवी पंडित सुंदरलाल शर्मा यांनी सतनाम्यांना जानवी दिली, 1925 मध्ये राजिमच्या मंदिरात अस्पृश्यांचा प्रवेश घडविला. त्यांचे धैर्य निर्विवाद. महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षे दूर होता. तरी एक विसंगती उरतेच. ज्यांनी मूर्ती सोडली त्यांनाच मूर्तीपुढे नेऊन सामावून घेतले जात होते.

सतनामी महासभेची मागणी वेगळी होती: आम्हांस आमच्या नावाने लिहा. या कामी साहाय्य करणारे अवधच्या शेतकरी चळवळीतील बाबा रामचंद्र हे मूळचे मराठी ब्राह्मण, श्रीधर बळवंत जोधपूरकर. फिजीला मजूर म्हणून जाताना त्यांनी स्वतःची जात लपविली होती, कारण ब्राह्मण मजूर मळेवाल्यांना नको असत. नाव बदलण्याची किंमत त्यांना निराळ्या बाजूने कळली असावी. 1926 मध्ये मध्यप्रांत सरकारने ‘सतनामी’ ही नोंद मान्य केली. पुढे गुरू अगमदास आणि त्यांच्यानंतर मिनीमाता लोकसभेत पोहोचल्या.

गिरौदपुरीस आज 77 मीटर उंचीचा जैतखांब आहे. मे 2024 मध्ये त्याच परिसरातील अमरगुंफेजवळचा एक लहान जैतखांब तोडला गेला. 10 जून रोजी बलौदाबाजार येथे त्याच्या निषेधार्थ जमलेला समुदाय अनावर झाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयास आग लागली.