चॉकलेट : पोषणमूल्य आणि आरोग्य

चॉकलेट : कोकोच्या (थिओब्रोमा काकाओ) आंबवून, वाळवून व भाजून दळलेल्या बियांपासून बनणारा गोड पदार्थ. या दळणात साखर, जादा कोको बटर आणि प्रकारानुसार दूध भुकटी मिसळतात. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोकांमध्ये कोको हे कडवट पेय होते. खाण्याची घट्ट वडी ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये काढली. दुधाचे चॉकलेट स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी १८७५ मध्ये तयार केले. चॉकलेटचे जे गुण सांगितले जातात ते बहुतांशी कोकोचे असतात आणि दोष मुख्यतः साखरेचे व जादा उष्मांकांचे.

घटक : ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमधून सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यात साधारण ४३ ग्रॅम मेद, २४ ग्रॅम साखर, ११ ग्रॅम तंतू, ८ ग्रॅम प्रथिने, १२ मिग्रॅ. लोह व २२८ मिग्रॅ. मॅग्नेशियम असते, तांबे आणि मँगॅनीजही भरपूर असते. मात्र कोकोतील पॉलिफिनॉलांमुळे लोहाचे शोषण कमी होते, म्हणून रक्तक्षयावर उपाय म्हणून चॉकलेट उपयोगी नाही. दुधाच्या चॉकलेटमध्ये ऊर्जा थोडी कमी (सुमारे ५३५ किलोकॅलरी) असली, तरी साखर निम्म्याहून अधिक भरते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये फक्त कोको बटर असते, कोकोचा बाकीचा गर नसतो. त्यामुळे कोकोचे गुणही त्यात नसतात.

कोको बटरमध्ये स्टिअरिक, ओलेइक आणि पामिटिक ही मेदाम्ले प्रमुख असतात. संपृक्त असूनही स्टिअरिक अम्लाने रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढत नाही. पामिटिक अम्लाने ते वाढते.

फ्लॅव्हॅनॉल व रक्तवाहिन्या : कोकोत एपिकॅटेचिन व तत्सम फ्लॅव्हॅनॉल द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची उपलब्धता वाढते आणि वाहिन्या सैलावतात. पनामाच्या सान ब्लास बेटांवरील गुना (कुना) लोकांमध्ये वयाबरोबर रक्तदाब वाढत नाही आणि ते घरी केलेला कोको भरपूर पितात, याकडे हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी लक्ष वेधले. हेच लोक पनामा शहरात राहायला गेले की त्यांच्यात उच्च रक्तदाब दिसू लागतो. शहरात गेल्यावर आहाराबरोबर राहणीही बदलते, त्यामुळे सगळे श्रेय कोकोला देता येत नाही.

कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. कोकोमुळे रक्तदाब सरासरी २ मिमी.पेक्षाही कमी उतरला आणि बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या. अमेरिकेतील ‘कॉसमॉस’ चाचणीत २१,४४२ ज्येष्ठ स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिग्रॅ. फ्लॅव्हॅनॉल असलेला कोकोअर्क देण्यात आला. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठाम फरक आढळला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. हा चाचणीचा मुख्य निकष नव्हता. शिवाय अर्क गोळीतून दिला होता, वडीतून नव्हे, आणि चाचणीला मार्स या चॉकलेट उद्योगाचे साहाय्य होते.

प्रक्रियेचा परिणाम : आंबवणे व भाजणे यांत फ्लॅव्हॅनॉल घटतात. कोको पावडरचा कडवटपणा घालवून तिचा रंग गडद करण्यासाठी अल्कली वापरतात (‘डच’ प्रक्रिया). तिने तर फ्लॅव्हॅनॉल बरेचसे नष्ट होतात. त्यामुळे गडद रंगावरून किंवा वेष्टनावरील कोकोच्या टक्केवारीवरून त्यांचे प्रमाण कळत नाही. टक्केवारीत कोको बटरही मोजलेले असते.

साखर, वजन व दात : ४० ग्रॅमच्या दुधाच्या चॉकलेटच्या वडीत सुमारे २० ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात घेतलेली मुक्त साखर ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. एका वडीतच ही दुसरी मर्यादा जवळजवळ गाठली जाते. दातांना चिकटून राहणाऱ्या टॉफीपेक्षा चॉकलेट तोंडात लवकर विरघळते. तरीही दिवसभर थोडे थोडे खात राहिल्यास दात किडतात.

उत्तेजक द्रव्ये : १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे ८०० मिग्रॅ. थिओब्रोमीन व ८० मिग्रॅ. कॅफीन असते. रात्री उशिरा खाल्ल्यास काहींची झोप उडते. जठर व अन्ननलिका यांमधील झडप सैल होऊन आम्लपित्ताचा त्रासही वाढू शकतो. कोकोत ऑक्झलेट असल्याने ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी प्रमाण सांभाळावे. कुत्र्यांच्या शरीरात थिओब्रोमीनचा निचरा फार सावकाश होतो. त्यांना चॉकलेट देणे प्राणघातक ठरू शकते.

जड धातू : कोकोचे झाड जमिनीतील कॅडमियम शोषून बियांत साठवते. शिसे मुख्यतः वाळवणीच्या वेळी धुळीतून येते. हे दोन्ही धातू कोकोच्या गरात असल्याने जास्त कोकोच्या चॉकलेटमध्ये त्यांचे प्रमाणही जास्त आढळते. युरोपीय संघाने २०१९ पासून ५० टक्के वा अधिक कोकोच्या चॉकलेटसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.८ मिग्रॅ. ठरवली आहे. लहान मुले व गर्भवती यांनी डार्क चॉकलेट रोज खाणे टाळावे.

बातम्या व दावे : २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मोजक्या लोकांवर मुद्दाम सदोष चाचणी करून ‘चॉकलेटने वजन उतरते’ असा शोधनिबंध छापून आणला. अनेक देशांतील वृत्तपत्रांनी तो न तपासता उचलला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये हृदयविकाराबाबतच्या मर्यादित दाव्याला परवानगी दिली, पण ती किमान ४ टक्के फ्लॅव्हॅनॉल असलेल्या कोको पावडरपुरती. चॉकलेटला ती लागू नाही.

निवड व प्रमाण : भारतीय मानकांनुसार दुधाच्या चॉकलेटमध्ये मेदविरहित कोको घनांश अवघा २.५ टक्के असला तरी चालतो; साध्या चॉकलेटमध्ये तो किमान १२ टक्के लागतो. महाराष्ट्रात घरगुती चॉकलेटे व केक यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘कंपाउंड’च्या लादीत कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य मेद असतो. वेष्टनावरील घटकांच्या यादीत साखर पहिली असेल, तर त्या वडीत साखरच सर्वांत जास्त असते. उन्हाळ्यात वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर दिसणारा पांढुरका थर ही सहसा बुरशी नसते. तो वर आलेला मेद असतो व खाण्यास अपायकारक नसतो. निरोगी प्रौढाने अधूनमधून २० ते ३० ग्रॅम डार्क चॉकलेट खाण्यास हरकत नाही. मधुमेहींनी त्यातील साखर दिवसाच्या हिशेबात धरावी. चॉकलेटच्या भरवशावर रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची औषधे कमी करू नयेत.