सामायिक रजिस्टर आणि व्यत्यय : एका प्रश्नाचा इतिहास

उपकरणाच्या नियंत्रण-रजिस्टरातील एक बिट चालू करणे ही क्रिया भाषेत एकाच क्रियापदाने सांगितली जाते. यंत्रात मात्र ती बहुधा त्रिपदी असते : जुने मूल्य वाचणे, त्यात बदल करणे आणि नवे मूल्य लिहिणे. समजा, रजिस्टरात 0 आहे. ड्रायव्हरने ते वाचले. इतक्यात व्यत्यय, म्हणजे इंटरप्ट, आला व त्याच्या कार्यक्रमाने आपला बिट चालू करून 8 लिहिले. परतलेल्या ड्रायव्हरने जवळच्या शिळ्या 0 वरून 1 लिहिले. 8 नाहीसे झाले. आणि दोन्ही कार्यक्रम वेगवेगळे तपासले तर निर्दोषच ठरतात!

ही धास्ती जुनी आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित-केंद्रात लूप्स्ट्रा व स्कोल्टेन यांनी एक्स-1 यंत्रात व्यत्ययाची सोय योजिली, तेव्हा डाइक्स्ट्रा प्रथम बिचकले होते, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. व्यत्ययाचा क्षण अनिश्चित, म्हणून चूक पुन्हा घडवून दाखविता येत नाही, हे त्याचे कारण. त्यांचा 1959 चा प्रबंध याच यंत्राशी निगडित आहे. पुढे त्यांनी रेल्वेच्या सिग्नलवरून ‘सेमाफोर’ ही कल्पना मांडली. तिच्या दोन क्रियांपैकी ‘पी’साठी त्यांनी ‘प्रोलाख’ हा शब्दच घडविला; कारण ‘वाढविणे’ व ‘कमी करणे’ यांचे डच शब्द दोन्ही ‘व्ही’नेच सुरू होतात.

तथापि व्यत्ययाच्या कार्यक्रमाला सेमाफोरापाशी निजून राहता येत नाही. एकच प्रोसेसर असेल तर नाजूक भागापुरते व्यत्यय बंद ठेवणे पुरेसे होते. अनेक प्रोसेसर आले की दुसऱ्यावरील कार्यक्रम त्याने थांबत नाही. लिनक्सच्या 1996 मधील 2.0 आवृत्तीने सर्व गाभ्याला एकच मोठे कुलूप घातले. ते टप्प्याटप्प्याने हटत 2011 मध्ये पूर्णपणे गेले. त्याच्या जागी आलेले छोटे फिरते कुलूप घेताना ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरावरील व्यत्ययही बंद करतो. नाहीतर कुलूप धरणाऱ्यालाच अडवून आलेला व्यत्यय त्याच कुलपासाठी अखंड फिरत राहील, आणि ते सोडणारा कधीच पुढे सरकणार नाही.

कुलूप हा मात्र करारच होय. तो न पाळणाऱ्या ड्रायव्हरला रजिस्टर अडवीत नाही. म्हणून काही यंत्ररचनाकारांनी दुसरी वाट धरली. 2012 च्या रास्पबेरी पायमधील चिपात बाह्य पिना चालू करण्याचे व बंद करण्याचे रजिस्टर वेगळे आहेत. त्यांत लिहिलेल्या 1 चा तेवढा परिणाम होतो, 0 चा काहीच नाही. तेथे जुने मूल्य वाचण्याची गरजच उरत नाही.