गुडघ्याचे निदान : संधिदर्शन आणि चित्रण

गगनबावड्याच्या भातखाचरात पाय रुतून गुडघा पिळवटला, की कोणी ‘वाटी सरकली’ म्हणतो, कोणी ‘स्नायू तुटला’ म्हणतो. निदानाच्या दृष्टीने दोन्ही उक्ती अपुऱ्याच. सुश्रुताच्या परिभाषेत ‘स्नायु’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारा बंध. मराठीत त्या शब्दाकडे मांसपेशीचा अर्थ गेला आणि मूळ वस्तूसाठी ‘अस्थिबंध’ हा शब्द योजावा लागला. हा गोंधळ केवळ भाषेचा नव्हे. गुडघ्याच्या आत नेमके काय तुटले हे पाहण्याचे साधन वैद्यकाजवळही दीर्घकाळ नव्हते.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांत हाड दिसे. अस्थिबंध आणि दोन हाडांमधील अर्धचंद्राकृती गादी यांची छाया उमटत नसे. सांध्यात हवा किंवा छायाद्रव्य भरून चित्र घेण्याची रीत पुढे निघाली, तथापि तिचा उपयोग मर्यादितच होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची कुस्ती थांबविली. त्या काळी अशा गुडघ्याविषयीचे मत मुख्यतः हाताच्या परीक्षेवर उभे असे. खात्रीच करावयाची तर सांधा उघडावा लागे.

दुसरा मार्ग जपानात तयार होत होता. केंजी ताकागी यांनी १९१८ साली तोक्योत मूत्राशय पाहण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घातली होती. (‘आर्थ्रोस्कोपी’ हा शब्द त्याहून जुना, डॅनिश शल्यविशारद नॉर्डेनटॉफ्ट यांनी तो १९१२ साली योजिला.) ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली संधिदर्शकाच्याच साहाय्याने फाटक्या गादीचा भाग काढला. प्रत्यक्ष पाहिले तेच प्रमाण, या न्यायाने पुढे संधिदर्शन ही निदानाची कसोटी ठरली.

१९८० नंतरच्या दशकात गुडघ्याचे चुंबकीय अनुनाद चित्रण, म्हणजे एमआरआय, रूढ होऊ लागले तेव्हा त्याची परीक्षाही याच कसोटीवर झाली. पुढील क्रूस अस्थिबंध आणि आतील बाजूची गादी यांबाबत ते बहुधा खरे उतरते. बाहेरील गादीबाबत काहीसे कमी, आणि हाडावरील कूर्चेच्या उथळ झिजेत तर अनेकदा चुकते. उलट, हाडाच्या आतील सूज संधिदर्शकास दिसतच नाही. म्हणजे कसोटीही सर्वज्ञ नव्हती. भूल आणि जंतुसंसर्गाचा धोका पत्करून केवळ पाहण्यासाठी संधिदर्शन करणे मागे पडले, हे प्रस्तुत लेखकास योग्यच वाटते.

पण चित्रावरील नवा विश्वासही तपासून घ्यावयास हवा. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील ५० ते ९० वयाच्या ९९१ व्यक्तींची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या गादीत चीर आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिनाभरात गुडघेदुखी नव्हती. तेव्हा साठीच्या शेतकऱ्याच्या चित्रात दिसणारी चीर हेच त्याच्या वेदनेचे कारण, असे धरून शस्त्रक्रियेकडे वळणे घाईचे होय. दुखापत कशी झाली आणि सूज केव्हा आली, हे आधी विचारावे लागते : दोन-चार तासांतच गुडघा भरून आला तर पुढील क्रूस अस्थिबंधाचा संशय बळावतो, दुसऱ्या दिवशी हळूहळू सुजला तर गादीचा.