मोटारगाडीची विद्युत् यंत्रणा : जुन्या गाड्यांतील दोषशोधनाचा इतिहास

मोटारगाडीत विद्युत् शक्तीची निर्मिती, साठवण, वहन व वापर करणाऱ्या साधनांच्या संचाला तिची विद्युत् यंत्रणा म्हणतात. या यंत्रणेतील बिघाडाचे नेमके स्थान व कारण क्रमाने ठरविण्याच्या रीतीला दोषशोधन ही संज्ञा आहे. ब्रिटिश प्रघातानुसार १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या गाडीलाच काटेकोर अर्थाने ‘व्हिंटेज’ म्हणतात. व्यवहारात मात्र त्यापूर्वीच्या व नंतरच्या कित्येक दशकांतील गाड्यांनाही हे विशेषण लावले जाते. या गाड्यांची विद्युत् यंत्रणा एका वेळी व एका योजनेने घडलेली नाही. एक अडचण दूर करण्यासाठी योजलेल्या साधनाने दुसरी अडचण निर्माण केली व तिच्यावरील उपायाने तिसरी. त्यामुळे जुन्या गाडीतील दोष शोधताना ती कोणत्या वर्षाची आहे हे जाणणे ही पहिली पायरी ठरते.

प्रज्वलनाचा प्रश्न : अंतर्ज्वलन एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण योग्य क्षणी पेटवावे लागते. फ्रान्समध्ये एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये आपल्या वायू-एंजिनासाठी प्रवर्तन वेटोळ्यापासून मिळणारी विद्युत् ठिणगी वापरली. जर्मनीत गोटलीप डाइमलर यांनी विजेचा मार्ग टाळून तप्त नलिकेने प्रज्वलन साधले, तर कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या एकस्वासाठी अर्ज केला, तिच्यात विद्युत् घटमाला व कंपनशील प्रवर्तन वेटोळे यांची योजना होती. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी दोन मुलांसह मॅनहाइम ते फोर्ट्‌सहाइम हा सु. १०५ किमी. प्रवास केला. वाटेत प्रज्वलनाची तार घासून उघडी पडली, तेव्हा त्यांनी आपल्या मोज्याचा बंध निरोधक म्हणून तिच्याभोवती गुंडाळला, असे सांगितले जाते. हा वृत्तांत जसाच्या तसा स्वीकारला, तर मोटारगाडीच्या पहिल्याच लांब प्रवासात विद्युत् दोषाची वाटेवरील दुरुस्तीही झाली असे म्हणावे लागते. निरोधक झिजून तार उघडी पडणे हा दोष त्यानंतरच्या प्रत्येक काळातील गाड्यांत आढळतो.

मॅग्नेटोचे युग : त्या काळातील घटमाला लवकर निकामी होत आणि गाडीतच त्या पुन्हा भारित करण्याची सोय नव्हती. म्हणून एंजिनाच्याच गतीवर चालणारे व स्थायी चुंबक असलेले लहान जनित्र म्हणजे मॅग्नेटो पुढे आले. श्टुटगार्ट येथील रोबेर्ट बोश यांनी १८८७ मध्ये एका स्थिर एंजिनासाठी नीच दाबाचा मॅग्नेटो बनविला आणि १८९७ मध्ये तो द द्यों-बूतों तीनचाकीच्या एंजिनास बसविला. त्यांचे सहकारी गोटलोप होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडावयाची ठिणगी-गुडदी म्हणजेच स्पार्क प्लग सिद्ध केला. यामुळे प्रज्वलन घटमालेच्या जाचातून मुक्त झाले.

मॅग्नेटोचे दोष वेगळ्याच प्रकारचे असतात. त्याच्या वेटोळ्यांवर लाखेचे निरोधक असे. काही दशकांनंतर हा थर उष्णतेने मऊ होतो व आतील धारित्रही गळू लागते. अशा वेळी गाडी थंड असताना सुरळीत चालू होते, काही किलोमीटर चालते व एंजिन तापताच बंद पडते. थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. हे लक्षण इंधनाच्या अडथळ्यासारखे भासत असल्याने कार्ब्युरेटर पुनःपुन्हा उघडला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. तपासणी नेहमी थंड स्थितीत केल्यास तो कधीच सापडत नाही.

फोर्ड कंपनीच्या ‘टी’ प्रतिमानात (१९०८–२७) प्रचक्रावरच १६ चुंबक बसवून मॅग्नेटो तयार केला होता व चार सिलिंडरांसाठी लाकडी पेटीत चार कंपनशील वेटोळी होती. पेटीच्या लाकडात ओल शिरली की उच्च दाबाचा प्रवाह लाकडातूनच गळे. १९१५ पासून या गाडीचे पुढील दिवेही मॅग्नेटोवर चालू लागले. एंजिन मंद असले की दिवे मंद होत व वेग वाढला की प्रखर होत. प्रसंगी दिव्यांच्या तंतूही जळत. येथे कोणताही भाग बिघडलेला नसतो. रचनेचा गुणधर्म व दोष यांतील हा फरक न ओळखल्याने पुष्कळ निरर्थक दुरुस्त्या केल्या जातात.

केटरिंग यांची पद्धती : अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासमवेत डेटन येथे ‘डेल्को’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या पद्धतीत घटमालेचा प्रवाह प्रज्वलन वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीतून वाहतो. फिरत्या कॅमने दोन संपर्कबिंदू विलग केले की चुंबकीय क्षेत्र कोसळते व दुय्यम गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. वितरक हा दाब क्रमाने प्रत्येक ठिणगी-गुडदीकडे पोहोचवितो. चार सिलिंडरांचे चतुर्घाती एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असता हे संपर्कबिंदू मिनिटास ६,००० वेळा उघडतात व मिटतात. त्यांच्यातील अंतर पुष्कळ गाड्यांत सु. ०·४ मिमी. असते व बिंदू झिजत गेल्याने ते बदलते. संपर्कबिंदूंना समांतर जोडलेले धारित्र निकामी झाले, तर बिंदूंवर निळसर ठिणग्या उडून ते लवकर जळतात आणि गुडदीतील ठिणगी क्षीण होते. केवळ बिंदू बदलून धारित्र तसेच ठेवल्यास नवे बिंदूही लवकरच जळून जातात. भारतातील कार्यशाळांत वितरकाला सर्रास ‘डेल्को’ म्हटले जाते. संस्थेचे नाव येथे वस्तूचे सामान्यनाम झाले आहे.

हाताने दांडा फिरवून एंजिन चालू करताना ते उलट फिरले, तर चालकाचे मनगट मोडत असे. केटरिंग यांनी विद्युत् आरंभक विकसित केला व तो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. आरंभकाला काही सेकंदच काम करावयाचे असते; म्हणून लहान चलित्रावर तेवढ्यापुरता अतिभार टाकण्यास हरकत नाही, हे त्यामागील सूत्र होते. आरंभकामुळे मोठी घटमाला आली, घटमालेमुळे तिला भारित करणारे जनित्र आले व या दोहोंमुळे विजेचे दिवे, भोंगा इ. साधने सुलभ झाली. हाताच्या दांड्याची जागा घेणाऱ्या या साधनाने गाडीचे स्वरूप पालटले. त्याबरोबरच दोषांची स्थानेही अनेक पटींनी वाढली.

भारण व नियंत्रण : प्रारंभीच्या पुष्कळ जनित्रांत प्रवाहाचे नियमन तिसऱ्या कुंचल्याच्या स्थानावरून होत असे. घटमाला भरली आहे की रिकामी, याची दखल ही योजना घेत नाही. त्यामुळे दिवसा लांबचा प्रवास केल्यास घटमाला अतिभारित होऊन तिच्यातील पाणी उडून जाते, तर रात्री शहरात हळू फिरल्यास ती उतरते. जाणते चालक लांबच्या प्रवासात दिवसाही दिवे लावून ठेवीत, याचे कारण हेच. १९३० नंतरच्या दशकात कंपनशील संपर्कांचे दाबनियंत्रक प्रचारात आले. जनित्र थांबल्यावर घटमालेचा प्रवाह उलट जनित्रात शिरू नये म्हणून असलेले ‘कटआउट’ हे अभिचालित्र चिकटून बसले, तर घटमाला रात्रीतून रिकामी होते व जनित्राची गुंडाळी जळू शकते.

दाब व रोध : अमेरिकन गाड्यांत १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टची पद्धती रूढ होती, नंतर १२ व्होल्टची आली. हा बदल का झाला हे साध्या गणिताने कळते. ३६ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह घेतो. मार्गातील गंजलेल्या सांध्यांचा रोध ०·१ ओहम असेल, तर ०·६ व्होल्ट म्हणजे १० टक्के दाब वाटेतच खर्च होतो. तोच दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो व हानी ०·३ व्होल्ट म्हणजे २·५ टक्के एवढीच होते. आरंभकाच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर असते. २०० अँपिअर प्रवाह घेणाऱ्या आरंभकाच्या मार्गात केवळ ०·०१ ओहम जादा रोध असला, तरी २ व्होल्ट म्हणजे ६ व्होल्टच्या पद्धतीतील एक-तृतीयांश दाब नाहीसा होतो. ‘घटमाला अशक्त आहे’ असा निष्कर्ष काढून ती बदलली जाते. प्रत्यक्षात दोष बोल्टाखालच्या गंजात असतो.

परतीच्या प्रवाहासाठी वेगळी तार न टाकता गाडीचा सांगाडाच वापरणे ही जुनी काटकसर आहे. घटमालेचे कोणते टोक सांगाड्यास जोडावे याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. ब्रिटिश गाड्यांत १९३६ च्या सुमारापासून १९६० नंतरच्या दशकापर्यंत धन टोक सांगाड्यास जोडण्याचा प्रघात होता. अशा गाडीत ऋण-सांगाड्यासाठी बनविलेले रेडिओसारखे अर्धसंवाहक साधन विचार न करता जोडल्यास ते तत्क्षणी नष्ट होते. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या सुमारास प्रत्यावर्ती जनित्र प्रचारात आणल्यानंतर व सिलिकॉन एकदिशकारक रूढ झाल्यावर ऋण टोक सांगाड्यास जोडण्याची पद्धत सार्वत्रिक झाली.

दोषशोधनाची रीत : प्रत्येक विद्युत् मंडलास उगम, मार्ग, भार व परतीचा मार्ग ही चार अंगे असतात, दोष यांपैकी एकातच शोधावयाचा असतो. प्रथम घटमाला तपासतात. पूर्ण भारित शिसे-अम्ल घटमालेतील अम्लाचे विशिष्ट गुरुत्व सु. १·२८ व १२ व्होल्टच्या घटमालेचा स्थिर दाब सु. १२·६ व्होल्ट असतो. त्यानंतर भार चालू ठेवूनच मार्गाच्या दोन टोकांमध्ये व्होल्टमापक जोडतात. तार व सांधे चांगले असतील, तर दर्शक शून्याजवळ राहतो. जेथे तो उंचावतो तेथे रोध असतो. प्रवाह बंद असताना हीच चाचणी घेतल्यास शेवटच्या धाग्यावर टिकलेली तारही निर्दोष दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या रीतीचा मूलभूत नियम आहे. दोन भाग एकदम बदलले, तर गाडी चालू होते, पण दोष कशात होता हे अज्ञात राहते.

जुन्या तारांवर रबर व त्यावर विणलेल्या सुताचे वेष्टन असे. रबर कडक होऊन तडकते आणि तार हलविताच गळून पडते. पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत सर्व मंडलांसाठी मिळून दोनच वितळतारा असत व काही मंडलांना एकही नसे. त्यामुळे उघड्या तारेचा सांगाड्याशी स्पर्श होताच गाडीला आग लागू शकते. तपासणीपूर्वी घटमालेचे एक टोक सोडविणे म्हणूनच अनिवार्य होय. लूकस पद्धतीच्या वर्णसंकेतात तपकिरी तार घटमालेची, पांढरी प्रज्वलनाची, निळी पुढील मोठ्या दिव्यांची, तांबडी बाजूच्या व मागील दिव्यांची व काळी सांगाड्याची असते. परंतु वेष्टनाचे रंग उडालेले असल्यास तारेचा मागोवा टोकापासून टोकापर्यंत घ्यावा लागतो.

भारतातील परंपरा : मुंबईत १८९८ मध्ये मोटारगाड्या आल्या. दीर्घकाळ सर्व गाड्या आयात होत व सुटे भाग मिळण्यास विलंब लागे. त्यामुळे भाग बदलण्याऐवजी तो दुरुस्त करण्याचे कौशल्य येथे वाढले. चलित्राची गुंडाळी हाताने पुन्हा भरणे, बिंदू घासून सपाट करणे, पावसाळ्यात वितरकाच्या टोपणावरून गळणारी उच्च दाबाची वीज अंधारात निळसर प्रकाशावरून ओळखणे, ही कामे कारागीर अनुभवाने शिकत. कुर्ला येथे प्रीमियर कंपनीने बनविलेली व पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली गाडी आणि हिंदुस्थान कंपनीची ‘अँबॅसडर’ यांत संपर्कबिंदूंची पद्धती दीर्घकाळ टिकल्याने ही विद्याही टिकली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले व मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यांच्याबरोबर ज्या गाड्यांवर कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या, त्या नित्य व्यवहारातून गेल्या.

भारत सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी वाहनांस ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र नोंदणीक्रमांक मिळू शकतो. मूळ स्वरूप म्हणजे केवळ रंग व आकार नव्हे. तारेचा मार्ग, तिचे वेष्टन, सांध्यांची रीत यांवरून त्या काळातील अभियंत्यांनी कोणती अडचण कशी सोडविली हे वाचता येते. दोष न शोधता संपूर्ण तारजाल उखडून नवे बसविल्यास गाडी चालते, पण हा पुरावा नष्ट होतो. उलट तडकलेले रबर केवळ मूळचे म्हणून राखल्यास गाडीच जळून जाण्याचा धोका असतो. कोणती तार ठेवावी व कोणती बदलावी, हे प्रत्येक मंडल तपासूनच ठरविता येते. जुन्या गाड्यांच्या जतनात दोषशोधनाचे महत्त्व आहे ते यामुळेच.