भाकरीचे गाव

स्मरणिकेत पाककृती आणि विणकामाचे नमुने द्यावयाचे असा आपला रिवाज आहे. या खेपेस मी थोडा निराळा विषय घेतला आहे. आपण रोज पीठ मळतो. पण ते धान्य कोणत्या गावच्या मातीतले, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल? दोन-तीन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारीतच नसे, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असे. ही ओळख कशी पुसली गेली, ते पाहण्यासारखे आहे.

आरंभ जात्यापासून करू. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या मुठीतून रोज दाणा जाई. तो जुना की नवा, किडका की निका, हे तिला हातालाच कळे. दळताना तिने गायिलेल्या ओव्या हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून जमविल्या. त्यांची संख्या 1 लाखाच्या वर गेली. पुढे पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, ते फार उत्तम झाले. जाते परत आणा, असे मी कधीच म्हणणार नाही. शिवाय गिरणीत नेण्याचा डबा आपण निवडून-पाखडूनच भरीत होतो. दाण्याची ओळख शिल्लक होती.

खरी ताटातूट युद्धकाळात झाली. 2 मे 1943 रोजी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे दुष्काळाने मेली. ते आठवले म्हणजे रेशनने शहराला आधार दिला, हे मान्य करावेच लागते. परंतु माझ्या सासूबाई सांगत, की सोलापूरकडून येणारी पोती बंद झाली आणि दुकानदार मापून देईल ते धान्य मुकाट्याने घ्यावे लागले. 1956 साली अमेरिकेशी पी. एल. 480 कायद्याखाली पहिला करार झाला. 1966 साली तर 1 कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आले. 1972 च्या दुष्काळात मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळू लागली. मी तेव्हा नवी सून होते. त्या पिठाची भाकरी थापताना काठ फाटत आणि घरातली मुले ताटावर रुसत. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्यांच्या मागे मुंबईच्या बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य किती व कोणत्या भावाने, हे आम्ही सरकारला विचारले. ते कोठले, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

पुढे देशात गहू मुबलक झाला, स्वस्तही झाला, आणि पुष्कळ घरांत भाकरीच्या जागी पोळी आली. मागणी घटली तसे ज्वारीचे क्षेत्रही घटत गेले.

गेल्या माघात मंडळाच्या काही जणी मुला-नातवंडांसह मंगळवेढ्यास गेलो होतो. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे उघडून लोकांना जगविले, अशी कथा सांगतात ते हे गाव. येथील काळी, खोल जमीन पावसाळ्याचे पाणी धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. या भागात पेरली जाणारी मालदांडी आपल्या आवडीची. तिच्यातूनच मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात ‘एम 35-1’ हा वाण निवडला गेला. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले.

मुलांनी हुरडा खाल्ला, ताटे उपटून पाहिली आणि दोन ओळींतच दमली. ज्या बाईंच्या रानात आम्ही उभ्या होतो, त्या म्हणाल्या, “काढणीला माणूस मिळंना, भावाचा भरवसा न्हाई. तुमच्याकडं शहरात ज्वारी खात्यात का ओ?” या प्रश्नाने आम्ही विचारात पडलो. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की गोठा रिकामा होतो. आपल्या परातीतला निर्णय असा त्यांच्या दावणीपर्यंत पोहोचतो.

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. असे वर्ष येते आणि जाते. स्वयंपाकघर मात्र रोजचे आहे. तेव्हा माझी सूचना साधी आहे. पाच-सहा घरांनी मिळून सुगीनंतर एकाच शेतकरी कुटुंबाकडून वर्षाची ज्वारी रोख भावाने घ्यावी. डब्यावर गावाचे व वाणाचे नाव लिहावे. निवडताना मुलांना शेजारी बसवावे आणि पुढल्या हंगामात ते रान त्यांना दाखवून आणावे. आमच्या गटाने यंदा दोन क्विंटल ज्वारी मागविली आहे. ज्या भगिनींना पुढील वर्षी सामील व्हावयाचे असेल, त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.