वहिवाटीचे आकाश

हवामानबदलावरच्या मूळ क्योटो कराराच्या शेवटी 'परिशिष्ट ब' नावाचा दोन रकान्यांचा तक्ता आहे. डावीकडे देशाचे नाव, उजवीकडे एक आकडा. इंग्रजी वर्णक्रमामुळे पहिली ओळ ऑस्ट्रेलियाची, १०८. शेवटची अमेरिकेची, ९३. मधे जपान ९४, रशिया १००, युक्रेन १००, आइसलँड ११०. हे आकडे टक्क्यांचे आहेत. आधारवर्षी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत १९९० साली, ज्याने जितका हरितगृह वायू सोडला त्याच्या इतके टक्के त्याने २००८ ते २०१२ या काळात दरवर्षी सरासरीने सोडावेत. या तक्त्यात लोकसंख्येचा रकाना नाही. ११ डिसेंबर १९९७ रोजी मान्य झालेल्या कागदावर तो का नाही, हे कळायला आधीच्या सात वर्षांचे कागद उघडावे लागतात.

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा अहवाल आला. पृथ्वी तापवणाऱ्या देशांच्या यादीत अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्राझील आणि चीन यांच्यामागे भारत पाचवा होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटमधले अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी त्याच अहवालाचे आकडे घेऊन गणित पुन्हा मांडले आणि १९९१ मध्ये 'ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड' ही पुस्तिका काढली. त्यांनी बोट ठेवले ते वाटणीच्या पद्धतीवर. समुद्र आणि जंगले दरवर्षी बराच कार्बन शोषून घेतात. मूळ अहवालाने ही शोषणशक्ती प्रत्येक देशाला त्याच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटली होती. म्हणजे जो जास्त धूर सोडतो त्याच्या वाट्याला समुद्रही जास्त. अग्रवाल-नारायण यांनी तीच शक्ती माणशी सारखी वाटली आणि निकाल पालटला. भारतात जगातली १६.२ टक्के माणसे राहत होती. पृथ्वी जितका कार्बन डायऑक्साइड पचवू शकते त्याच्या जेमतेम ६ टक्के आणि मिथेनच्या १४.४ टक्के एवढेच भारत सोडत होता. वाट्याहून कमी वापरणाऱ्याचे नाव कर्जदारांच्या यादीत लागले होते.

मिथेनचा आकडा तर शेतात उतरून तपासावा लागला. अमेरिकी पर्यावरण संस्थेचा अंदाज होता की भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो. हा अंदाज युरोप-अमेरिकेतल्या खाचरांवरून बांधलेला होता. १९९१ मध्ये शास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने भारतीय संशोधकांनी देशभरच्या खाचरांत मोजणी केली. रोपांवर पारदर्शक बंद पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने सिरिंजने आतली हवा काढायची, ती प्रयोगशाळेत तपासायची. हाती आलेला आकडा होता सुमारे ४० लाख टन, अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्शाइतका. मला हा या साऱ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. ज्या देशाकडे स्वतःची मोजणी नसते, त्याचा दोष दुसऱ्याच्या वहीत ठरतो.

त्याच वर्षी हवामान कराराच्या वाटाघाटींत भारताने मसुदा दिला : श्रीमंत देशांचे दरडोई उत्सर्जन उतरत जावे, गरिबांचे हळूहळू चढावे आणि दोन्ही एका पातळीवर येऊन मिळावीत. मे १९९२ मध्ये मंजूर झालेल्या हवामानविषयक आराखडा करारात त्याचे काय उरले? कलम ३ मध्ये समन्यायाचा उल्लेख आहे, 'सामायिक पण भिन्न जबाबदाऱ्या' आहेत. विकसनशील देशांचे दरडोई उत्सर्जन अजून तुलनेने कमी असल्याची कबुलीही प्रस्तावनेत आहे. एका पातळीवर येण्याचे बंधन मात्र गेले.

मे १९९७ मध्ये ब्राझीलने आणखी एक वाट सुचवली. जबाबदारी एका सालच्या उत्सर्जनावर ठरवू नये, साठत गेलेल्या वायूंनी तापमान किती वाढवले त्यावर ठरवावी. मर्यादा मोडणाऱ्याने दंड भरावा आणि त्या पैशाचा निधी विकसनशील देशांसाठी वापरावा. क्योटोत त्यातून कलम १२ ची स्वच्छ विकास यंत्रणा आली. दंड आणि इतिहास दोन्ही गळाले. मधल्या काळात, २५ जुलैला, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांवर त्याच कालावधीत बंधन नसेल तर अमेरिकेने सही करू नये.

वाटणीचा आधार म्हणून राहिले ते फक्त १९९० साल. आपल्याकडे जमिनीच्या तंट्यात ज्याला वहिवाट म्हणतात तेच हे. वर्षानुवर्षे ज्याची गुरे चरली त्याचे कुरण. गरज, माणसे आणि परिस्थिती पाहून वाटणी करता येत नव्हती असेही नाही. युरोपीय संघाने आपला ९२ चा आकडा जून १९९८ मध्ये सदस्य देशांत वाटला तेव्हा जर्मनीने २१ टक्के घटवायचे आणि पोर्तुगालला २७ टक्के वाढवायची मुभा, असे ठरले. घरातल्या घरात त्यांना हे जमले.

कराराच्या कलम १७ ची जेमतेम तीन वाक्ये आहेत. परिशिष्टातल्या देशांना आपसात उत्सर्जन-परवान्यांची खरेदी-विक्री करता यावी याची वाट त्या वाक्यांनी उघडली. ज्याचा हक्कच ठरलेला नाही त्याचा बाजार कसा मांडता, हा भारत-चीनचा आक्षेप होता. २००१ साली माराकेश इथे झालेल्या निर्णयात (१५/सीपी.७) त्याचा माग सापडतो. क्योटो कराराने औद्योगिक देशांना उत्सर्जनाचा कोणताही अधिकार, मालकी वा हक्क दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दरडोई तफावत कमी होईल अशा रीतीने त्या देशांनी घरी कृती करावी, असेही आहे. भारताच्या १९९१ च्या मसुद्यातली, करारातून गळालेली गोष्ट इथे अशी मागच्या दाराने परत आली. पण ती प्रस्तावनेत आली आणि प्रस्तावनेवरून कोणाला कोर्टात खेचता येत नाही.

२००९ साली युक्रेनने जपानला ३ कोटी टनांचे परवाने विकले. १९९० मधले सोव्हिएत कारखाने बंद पडल्यामुळे युक्रेनचे १०० टक्के वापरले गेलेच नव्हते. ते शिल्लक होते, म्हणून विकता आले. अशा प्रत्येक टनाला नोंदवहीत स्वतःचा क्रमांक असतो आणि त्यात मूळ देशाची अक्षरे असतात. परवाना कितीही हातांतून फिरला तरी ती पुसली जात नाहीत.