ढब्बू पैशाचा भागाकार

एप्रिल १९५७ मधली गोष्ट. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वडिलांनी कौतुकाने हातावर ठेवलेला चकचकीत नवा पैसा घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पैशाला दोन लिमलेटच्या गोळ्या, हा आमचा जुना भाव. दुकानदार म्हणाला, "एकाने भागणार नाही. दोन नवे पैसे आण." मी रडकुंडीला येऊन घरी परतलो.

वडिलांनी पाटी घेतली. पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. आता रुपयाचे १०० नवे पैसे. तेव्हा १०० ला ६४ ने भागायचे. एक वेळा गेले, उरले ३६. त्यावर शून्य घेऊन ३६० : पाच वेळा, बाकी ४०. मग ४०० : सहा वेळा, बाकी १६. १६० : दोन वेळा, बाकी ३२. ३२० : बरोबर पाच वेळा. उत्तर आले १.५६२५. दशांश अपूर्णांक माझ्या आयुष्यात आला तो असा, गोळ्यांच्या निमित्ताने.

पण ०.५६२५ पैशाचे नाणे कुठून आणणार? १९५५ च्या नाणेविषयक दुरुस्ती कायद्याने वाट काढली होती : रक्कम जवळच्या पूर्ण पैशाला न्यायची, आणि बरोबर अर्धा उरला तर तो सोडून द्यायचा. म्हणून आणा ६.२५ चा ६ झाला, चवली १२.५ ची १२, तीन आणे १८.७५ चे १९. पावली मात्र नेमकी २५. कोष्टकाप्रमाणे आणा आणा करून सोळा वेळा खरेदी केली, तर ९६ नव्या पैशांत रुपयाचा माल येई. उलट एकेका ढब्बू पैशाची खरेदी चौसष्ट वेळा केली, तर १२८ नवे पैसे लागत! जो सर्वांत थोडे विकत घेई त्याच्यावरच भार. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची यात काही लबाडी नव्हती. त्याने कोष्टक पाहूनच सांगितले होते. वडील मला म्हणाले, "एकदम दोन पैशांच्या घे. ३.१२५ होतात, तीनच द्यावे लागतील." हिशेब अचूक होता. पण मला रोज मिळे एकच पैसा.

पै तर याहून खट्याळ. रुपयाच्या १९२ पै. १०० ला १९२ ने भागू लागलो की ०.५२०८ पर्यंत सगळे सुरळीत, मग बाकी ६४ उरते, तिच्यावर ३ चा भाग जातो आणि पुन्हा ६४ च उरते. पाटी भरली तरी तीनचा ससेमिरा सुटत नाही. कारण १९२ म्हणजे ६४ गुणिले ३. दहाचे अवयव दोन आणि पाच. भाजकात तीन शिरला आणि छेद देऊन गेला नाही, की भागाकार संपतच नाही. ६४ मध्ये नुसते दोनच आहेत, म्हणून तो संपला.

दशमान पद्धत आली हे चांगलेच झाले, असे माझे मत आहे. तरी पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असलेले आमचे वडील तो पाटीवरचा भागाकार करताना किंचित अवघडलेले मला आठवतात. पाव आणि निम्मे करत करत चालणारा त्यांचा हिशेब कागदाशिवाय होई.

१ जून १९६४ पासून नव्या पैशातला 'नवा' गेला. पावलीच्या जागी बरोबर बसलेले २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले.